पेटीच्या दाराची डावी कड

ता. ४ ऑक्टोबर

तिसरा स्क्रू काही केल्या निघेना, म्हणून मी पेटीला खालून गुडघ्याचा टेकू दिला आणि मोकळ्या हाताने तिचं दार उघडं धरलं. तेव्हा दाराची डावी कड दिसली.

ताई, मायना घालत नाही. फाटकाच्या खांबाचं प्लास्टर सुटलं होतं, गवंडी येणार होता, म्हणून मी पत्रपेटी उतरवत होते. एवढंच. मी काही शोधत नव्हते.

आठ वर्षांत पेटीचं पितळ सगळीकडून तपकिरी झालं आहे. वर कोरलेल्या वेलीच्या खाचांत हिरवा कळंक बसला आहे. वरच्या फटीच्या ओठावर पोस्टमनची बोटं घासून पिवळी पट्टी पडली आहे. दाराच्या उजव्या कडेला माझ्या अंगठ्याची खूण आहे, मध्ये उजळ आणि भोवती काळी. हे सगळं जिथे असायला हवं तिथे आहे. पण डाव्या कडेला, आतल्या अंगाने, नाण्याएवढी जागा नुकतीच पॉलिशच्या चाकावरून उतरल्यासारखी लख्ख होती. तिच्याभोवती काळं नव्हतं. उघड्या बोटाने पितळ उजळलं तर कडेने घाम सुकतो आणि काळं धरतं. कापडाने उजळलं तर धरत नाही. तीस वर्षं मी कारखान्यात पितळेचं हेच काम करते आहे. कुणीतरी सुती हातमोजे घालून, डाव्या हाताने, वर्षानुवर्षं ते दार उघडत होतं.

घरात आपण दोघी. डावरी तू.

संध्याकाळी मी विचारलं, "ताई, पेटी तू उघडतेस का?"

"मी कशाला उघडू? किल्ली तुझ्याकडे."

"आणि दुसरी?"

"ती हरवली की. किती वेळा सांगू?"

असं म्हणून तू पातेलं घासायला घेतलंस. ते आधीच घासलेलं होतं.  दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा घराला कुलूप होतं आणि आत चिठ्ठी होती, की गुडघ्याला बरं नाही, भाऊकडे चार दिवस राहते. आज आठवा दिवस.

मी पोस्टमनला गाठलं. दुपारचं टपाल कोण घेतं, विचारलं.

"ताई घेतात की. मी पेटीत टाकून घंटी वाजवतो, त्या किल्ली घेऊन येतात. पांढरे मोजे घालून. मी एकदा म्हटलंही, काय ताई, बँड वाजवायला निघालात का?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बहिणीचा जीव त्या पेटीत आहे, डाग पडला तर मला फाडून खाईल."

"आणि येतं काय टपालात?"

"निळं पाकीट. महिन्याला एक. तुमच्या लेकीचं ना? ताईच म्हणाल्या होत्या." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सायकलचा ब्रेक उगाच दाबला. "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, माहीत होतं.

आठवतं, पेटी घ्यायला आपण तिघी गेलो होतो? दुकानदाराने तीन काढून ठेवल्या. एक काळी, पावडर कोटिंगची. एक पिवळीधमक, वर लॅकरचा पारदर्शक थर मारलेली. एक कोऱ्या पितळेची, वर काहीही नसलेली. तिन्हींवर तीच वेल, तोच पक्षी. तुला काळी हवी होती.

"पुसली की झालं," तू म्हणालीस. "आणि त्या वेलीत धूळ बसणार ती काय पाहुणे काढणार?"

दुकानदार म्हणाला, "लॅकरची न्या. दहा वर्षं बघायला नको."

"आणि अकराव्या वर्षी?" मी म्हटलं. "एका कोपऱ्यात लॅकर सुटतं, त्यातून पाणी शिरतं, मग अर्धं काळं आणि अर्धं पिवळं. तुम्ही येणार का खरवडायला?"

"बाई याच धंद्यातल्या दिसतात," तो म्हणाला आणि आपल्याला चहा सांगायचा विचार त्याने सोडून दिला.

लेक नुकतीच माझ्या हाताखाली कामाला लागली होती. तिला नव्या शिकणाऱ्याचा उत्साह होता. म्हणाली, "कोरीच घे आई. मावशीला हात लावू देऊ नकोस म्हणजे झालं."

आपण तिघीही हसलो. काही माणसांचा हात आंबट असतो. त्यांनी पितळेला बोट लावलं की तासाभरात काळा ठसा उठतो. कारखान्यात अशांना आम्ही पॉलिशच्या बाजूला फिरकू देत नाही, आलेच तर हातमोजे देतो. तुझा हात तसा. आपल्या कपाटांच्या प्रत्येक मुठीवर तुझी सही आहे. हातमोज्यांची पहिली जोडी मीच तुला कारखान्यातून आणून दिली होती, पेटीवरची धूळ पुसायला.

ती जोडी तू कशाला वापरलीस ते आता कळलं. उघड्या हाताने एकदा जरी दार उघडलं असतंस तर मला त्याच संध्याकाळी दिसलं असतं.

मी कधी म्हटलं होतं का, की माझ्या लेकीची पत्रं काढून घे? पत्रं पाठव. सगळी.

ता. ११ ऑक्टोबर

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. "तूच सांगितलं होतंस." खाली नावही नाही.

मी रागात काही म्हटलं असेन. रागात माणूस बरंच म्हणतं. वहिनीला तू एकदा "तुझ्या हातचं पाणी पिणार नाही" म्हणाली होतीस, आणि आज तिच्याच स्वयंपाकघरात दोन वेळा जेवते आहेस.

राग कशाचा होता ते तुला ठाऊक आहे. पण तू तीन शब्दांत सगळं माझ्या पदरात घातलंस, तेव्हा माझ्या बाजूचं मी लिहून ठेवते. ॲसिडच्या टाकीवरचा धूर ओढणारा पंखा वर्षभर बंद होता. मला खोकला होता, इतरांनाही होता. मालक म्हणायचे, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. लेकीने मला न विचारता सरकारी तपासनिसाकडे अर्ज दिला. ते आले, त्यांनी टाकी पाहिली आणि कारखान्याला कुलूप लावलं. चार महिने बत्तीस माणसं घरी बसली. कुलूप लागलं त्या दिवशी मालक अंगणात सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, बाहेरच्याशी लढता येतं. हे तुमच्या घरातून निघालं." मी त्या खात्याची प्रमुख. बत्तीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांतल्या निम्म्यांना मी काम शिकवलं होतं.

घरी येऊन मी लेकीला जे बोलले ते बोलले. ती म्हणाली, "तुझ्या खोकल्यासाठी दिला अर्ज." मी म्हटलं, "माझा खोकला माझा आहे." ती त्याच संध्याकाळी बॅग घेऊन फाटकातून गेली. तू तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलीस. मी गेले नाही.

इथपर्यंतचं तुझ्या कार्डात येतं. पुढचं येत नाही.

पुढचं असं, की तोवर मी दोन-तीन दिवसांनी एकदा पेटी उघडत असे. त्या दिवसापासून रोज उघडू लागले. सहाला यायचे, चपला काढायच्या आधी पेटी. तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचीस. दुसरी किल्ली हरवल्याचं तू सांगितलंस ते त्याच महिन्यात, नाही का? आणि मी आत आले की विचारायचीस, "आलं का काही?"

"विजेचं बिल."

"बरं."

ताई, हे तू का विचारायचीस? काय आलं ते तुला माहीत होतं. दुपारी बाराला तू ते पेटीतून काढून तुझ्या ट्रंकेत ठेवलेलं असायचं. मी रिकाम्या पेटीत हात घालून कशाची चाचपणी करते हेही तुला माहीत होतं. नुसती गप्प राहिली असतीस तर मी म्हटलं असतं, ताईने माझा शब्द पाळला. पण तू विचारायचीस. एखाद्याला मुद्दाम चुकीचा रस्ता सांगून वर पोचलात का विचारावं, तसं.

पत्रं पाठव.

ता. १९ ऑक्टोबर

मी सगळी मागितली, तू एक पाठवलंस. ते माझ्या नावाचं नाही. "प्रिय मावशी" असं सुरू होतं. पाकिटाच्या मागचा पत्ता तू कात्रीने कापून काढला आहेस. नीट, चौकोनी. तुझं काम नेहमीच नीट असतं.

पोस्टमनला विचारलं, पत्ता आठवतो का. म्हणाला, "बाई, मी पुढचा पत्ता वाचतो. मागचा वाचायला लागलो तर रात्र होईल." या महिन्यात निळं पाकीट आलेलं नाही, असंही म्हणाला. म्हणजे तू तिला भाऊचा पत्ता कळवलास. माझ्या दारातून जाणारी पत्रंसुद्धा तू वळवून नेलीस.

पत्र वाचलं. गुडघा कसा आहे, असं ती विचारते. या वेळी तुला तीन जिने चढायला लावले त्याबद्दल वाईट वाटतं म्हणते. मग लिहिते, "पोरगी रोज विचारते, डाव्या हाताने चित्र काढणारी आजी पुन्हा कधी येणार. पाचव्या वाढदिवसाला तू दिलेले खडू तिने अजून कुणाला हात लावू दिलेले नाहीत."

मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. आधी मला वाटलं, तिच्या शेजारच्या कुणाची मुलगी असेल.

वर्षातून दोनदा तू आठ-आठ दिवस गुडघ्याच्या इलाजाला जायचीस. मी तुझी बॅग भरायचे. शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून वर ठेवायचे, लगेच हाताशी यावी म्हणून. तू परत आलीस की संध्याकाळी तुझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचे. तू डोळे मिटून म्हणायचीस, "जरा फरक आहे." एकदा तुझ्या बॅगेच्या तळाशी रंगीत खडूचा तुकडा सापडला. मी विचारलं तर म्हणालीस, दवाखान्यात एक पोर होतं, त्याचा असेल. मी तो तुकडा फेकून दिला.

मला नात आहे. पाच वर्षांची. हे मला तुझ्या गुडघ्याच्या चौकशीतून कळलं. म्हणजे जावईही असणारच, त्याचं तर नावही मला माहीत नाही. आणि ती मुलगी आजी म्हणते ती तुला.

मूल झालं नाही याचं तुला कधी वाईट वाटलं असेल तर मला सांगायचं होतंस. माझ्या लेकीला मी तुझ्याच हाती वाढवलं होतं. मी कामावर असायचे, तिची वेणी तू घालायचीस, ताप आला तर रात्र तू जागवायचीस. मी कधी म्हटलं का, की ती फक्त माझी? अर्धी तुझी होतीच. तुला सगळी हवी होती.

सोबतच्या चिठ्ठीत हातमोज्यांबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस. "मोजे तुझ्या पितळेसाठी घालत होते, चोरीसाठी नाही." मला ते खरं वाटतं. तू तशीच आहेस. पितळेला डाग पडू नये म्हणून तू सहा वर्षं काळजी घेतलीस.

मला पत्ता हवा आहे. आणि माझ्या नावाची पत्रं.

ता. ३० ऑक्टोबर

पार्सल मिळालं. ते उघडायच्या आधी मी पेटी टेबलावरून बाजूला ठेवली. गवंडी काम करून गेला, पण मी ती पुन्हा लावलेली नाही. पोस्टमन हातात टपाल देतो. डाव्या कडेची ती जागा महिन्याभरात मळायला लागली आहे. कुणी हात लावला नाही की पितळ स्वतःहून झाकून घेतं. आधी गवताच्या काडीसारखा रंग येतो, मग तपकिरी. आणखी दोन महिन्यांनी ती जागा मलाही दाखवता येणार नाही.

अकरा पाकिटं. तारखेने लावलेली, दोऱ्याने बांधलेली. अकराही माझ्या नावाची आणि अकराही बंद.

मला वाटलं होतं तू वाचली असशील. नाही वाचलीस. दुसऱ्याचं पत्र फोडणं तुझ्याच्याने होत नाही. दडवणं होतं.

मी ती रविवारी सकाळी पायरीवर बसून एकेक करून वाचली. दुसऱ्यात माझ्या खोकल्याची चौकशी आहे. चौथ्यात, "तू माझ्याशी बोलू नकोस, पण पंखा लावला का एवढं कळव." सातव्यात तिला दिवस गेल्याचं. नववं असं आहे, ताई, मी उतरवून देते, तू वाचलेलं नाहीस:

"आई, डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची दहा तारीख दिली आहे. मला भीती वाटते. तू ये. आपण काही बोलायचं नाही. नुसती बाजूला बस."

अकराव्यात, "मुलगी झाली. तुझं उत्तर आलं नाही म्हणून मावशीला लिहिलं, ती आली होती. ती म्हणाली की तू माझं प्रत्येक पत्र वाचतेस आणि घडी घालून परत पाकिटात ठेवतेस, बोलत काही नाहीस. तुला त्रास होत असेल तर आता लिहीत नाही. यापुढे मावशीलाच लिहीन."

मी कारखान्यात जाऊन जुनी कामाची वही पाहिली. त्या महिन्याच्या दहा तारखेला मी दरवाजांच्या बेचाळीस मुठींना रंग चढवत होते. तू त्याच आठवड्यात पहिल्यांदा गुडघ्याच्या इलाजाला गेली होतीस. मी तुला बस स्टँडवर सोडलं होतं.

पत्रं मिळाली नाहीत हे मी समजू शकले असते. पण "वाचते आणि घडी घालून ठेवते" हे तुला सुचलं कुठून? घडी घालून, ताई. इतकं बारीक खोटं. तिला खरं वाटावं म्हणून तू त्यात माझी सवय घातलीस.

आता पार्सलमधली तुझी चिठ्ठी. "पत्ता खाली लिहिला आहे. एक कर. पत्रं मिळाली नव्हती असं तिला सांगू नकोस. वाचली होती असंच म्हण. ती तुला माफ करेल, तू आई आहेस. मला करणार नाही. मला दुसरं कुणी नाही."

म्हणजे मी तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं, की तुझं नववं पत्र मी वाचलं आणि बेचाळीस मुठी रंगवल्या.

माझंही एक राहिलं आहे. मागच्या पत्रांत मी ते टाळलं. मी "रागात काही" म्हटलं नव्हतं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर, सकाळचा चहा पिताना मी तुला सावकाश म्हटलं होतं, "तिचं पत्र आलं तर माझ्या हातात देऊ नकोस. मी मागितलं तरी देऊ नकोस." तू विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." आणि पुढे मी कधी मागितलं नाही. सहा वर्षं पेटी उघडली, पण तोंडाने एकदाही विचारलं नाही, ताई, तिचं काही आलं का. विचारलं असतं तर तू दिलं असतंस की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

कारखाना उघडला तेव्हा पंखा लागलेला होता. माझा खोकला त्याच वर्षी गेला. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

ता. २ नोव्हेंबर

काल भाऊ आला होता. तू पाठवला नाहीस असं तो तीनदा म्हणाला, म्हणजे तूच पाठवलास.

"अगं, दोघी साठीला आलात. आता कसली भांडणं? एक खोटं बोलल्याने काय आभाळ कोसळतं?"

"मग तू बोल."

"मी कशाला? मला काय माहीत तुमचं?"

"नात झालेली तुला माहीत नव्हती?"

तो कपात बघत बसला. मग म्हणाला, "ताईने शपथ घातली होती."

"वहिनीलाही माहीत होतं?"

"बायकोपासून काय लपतं? तिने झबली शिवली होती." हे बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

 वहिनी माझ्यासमोर बसून माझ्या नातीची झबली शिवत असेल आणि मी म्हटलं असेन, कुणासाठी गं, छान आहेत. आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

जाताना तो दारात थांबला. "ताई नीट जेवत नाही."

"वहिनीच्या हातचं आहे. कोण जेवेल?"

तो हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला. "तिला ती पोरगी म्हणजेच सगळं आहे गं," म्हणाला. "तुझं निदान काम तरी आहे."

तो गेल्यावर मी लेकीला दोन पत्रं लिहिली. पहिलं तुझ्या सांगण्याप्रमाणे. "तुझी पत्रं मी वाचत होते" इतकं लिहिलं आणि पुढचं वाक्य काय असणार याची वाट पाहत बसले. त्या वाक्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही, ताई. जी बाई वाचून गप्प बसली ती पुढे काय लिहील? बरी आहेस ना, असं? ते मी फाडलं.

दुसरं इथे उतरवून देते, म्हणजे तिच्याकडून कळण्याआधी तुला माहीत असेल. तू मला कधी आधी कळवलं नाहीस. मी कळवते आहे.

"तुझी अकरा पत्रं मी गेल्या रविवारी वाचली. त्याआधी ती माझ्या हातात आली नव्हती. ती मला देऊ नयेत असं मीच सांगितलं होतं आणि ते मी कधी मागे घेतलं नाही. पण वाचून घडी घालून ठेवली हे खरं नाही. नववं पत्र वेळेवर वाचलं असतं तर मी आले असते. काही न बोलता बसले असते. पंखा लावला आहे. मला आता खोकला नाही. तो अर्ज तू दिलास ते बरोबर होतं. तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही, पण उत्तर मला लिही, मावशीच्या हाती नको."

यात तुझ्याबद्दल वाईट असं मी काही लिहिलेलं नाही. तिला ते समजायला वेळ लागणार नाही. मी तिला वाढवली नसली तरी ती हुशार आहे. समजल्यावर ती तुला काय लिहील किंवा लिहिणारच नाही, हे मला माहीत नाही. ती तुझ्याशी तुटली तर तुझं काय होईल याचा मी विचार केला. दोन दिवस केला. तुला दुसरं कुणी नाही हे खरं आहे. पण गेली सहा वर्षं मलाही कुणी नव्हतं, ताई, आणि ते तू रोज खिडकीतून बघत होतीस.

मला यात आनंद नाही. सूड म्हणून करत असते तर निदान तेवढा आनंद असता.

तुझं सामान आहे तसं आहे. तुझी ट्रंक मी उघडली नाही. तू ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही लिहून देणार नाही. माझ्या तोंडून निघालेलं तू कसं पाळतेस ते मी पाहिलं आहे.

ता. ३ नोव्हेंबर, सकाळ

पोस्ट आठला उघडलं. लेकीचं पत्र रजिस्टर केलं. कारकून म्हणाला, "साधं टाका की बाई, तिसऱ्या दिवशी पोचतं." मी म्हटलं, "जिच्या नावाचं आहे तिच्याच हातात द्यायचं, तसं वर लिहा." त्याने लिहिलं. तुझं हे साध्या टपालाने टाकते आहे. नऊला कामावर जायचं आहे.